साहसकथेतला पूर, घाट, घोडा आणि कडा: नायकाच्या कसोट्या खऱ्या कशा वाटतील?

धागाकर्ता: पैलतीर

नमस्कार मंडळी,

कुमार वाचकांसाठी एक लांब कथा लिहितो आहे, साधारण पंधरा हजार शब्दांची. काळ १६७५च्या आसपासचा, मुलूख महाड ते वेल्हे. गड कल्पित आहे, नद्या आणि वाटा मात्र खऱ्या ठेवायच्या आहेत.

राणू हा सावित्रीच्या दक्षिण काठच्या एका खेड्यातला नावाड्याचा मुलगा. चंद्रा त्याच गावची. तिच्या वडिलांना गडावर घटका मोजायची चाकरी मिळाली, म्हणून ती वर्षभरापूर्वी त्यांच्याबरोबर वर गेली. आता गडाच्या हवालदाराने तिचं लग्न स्वतःच्या भाच्याशी ठरवलं आहे, आषाढ अमावास्येला. ती निरोप धाडते, "येणार असलास तर त्याआधी ये." राणूच्या हातात दोन दिवस आहेत.

त्याच्या कसोट्या अशा. ठाण्याने नावा ओढून ठेवलेल्या, म्हणून तो पुरात उडी टाकून सावित्री पोहून पार करतो. रात्रीत मढे घाट चढतो. घाटमाथ्यावर पागेतला घोडा पळवून २८ कोस भरधाव जातो. दुसऱ्या रात्री गडाचा ६० मीटरचा कडा दोर फेकून चढतो, पहारेकऱ्यांशी लढतो आणि चंद्राला घेऊन उतरतो.

ज्यांनी कच्चा खर्डा वाचला त्यांचं एकच म्हणणं: "राणू जिंकणार हे पहिल्या पानावरच कळतं, त्यामुळे भीती वाटत नाही." शिवाय शेवटी चंद्रा भेटते तेव्हा जीव हलत नाही असंही सांगितलं. प्रसंग तर एकापाठोपाठ एक आहेत. मग कुठे कमी पडतंय? नदी, घोडा, कातळ यांतलं ज्यांना कळतं त्यांनी चुका स्पष्ट दाखवाव्यात.

---

प्रतिसाद १: खाडीकाठ

आधी तिथीचं बघा, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, लग्नाचे मुहूर्त थांबतात. आषाढ अमावास्येला हवालदार भाच्याचं लग्न लावणार, हे त्या काळच्या माणसाला पटणार नाही. मुदत हवीच असेल तर दसऱ्याची घ्या. पावसाळाभर फौज छावणीत असते आणि दसऱ्याला बाहेर पडते. त्या हालचालीत चंद्राला गडावरून भाच्याच्या गावी पाठवणार आणि तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त धरणार, एवढं पुरे. राणूचा प्रवास मग भाद्रपद वद्य सप्तमी-अष्टमीचा ठेवा. पाऊस ओसरलेला असतो, पण उत्तरा-हस्ताची दुपारची सर अशी कोसळते की दोन तासांत नदी लाल होते.

आता पूर. पुरात "उडी टाकली आणि हात मारत पलीकडे गेला" असं नावाड्याच्या मुलाबद्दल लिहू नका. तो पाण्याशी झुंजणार नाही, पाण्याची वेळ बघेल. महाडपर्यंत सावित्रीत भरतीचं पाणी चढतं. तिथीची पाऊणपट केली की खाडीच्या तोंडाशी पूर्ण भरतीची वेळ मिळते. सप्तमीला सात पाऊणे सव्वापाच, म्हणजे संध्याकाळी सव्वापाच. वर यायला तिला आणखी वेळ लागतो, तोवर दिवस मावळतीला आलेला असतो. भरतीच्या माथ्यावर नदी फुगलेली दिसते, पण तिची ओढ मंदावते. ओहोटी लागली की पुराचं आणि खाडीचं पाणी एकाच दिशेने धावतं, आणि माणसं वाहून जातात ती बहुधा तेव्हा. म्हणून राणूची खरी कसोटी काठावर बसून राहण्याची आहे. चंद्राकडे जायची घाई आहे, पलीकडचा काठ समोर दिसतोय, आणि तरी दोन तास थांबायचं. (उधाणाच्या भरतीइतका सप्तमीला जोर नसतो, आणि मोठ्या पुरापुढे भरतीचं काही चालत नाही. त्यामुळे पाऊस एका सरीचाच ठेवा.)

हिशोब करून बघा. पात्र १५० मीटर धरू. अंगावर ओझं घेऊन पोहणारा सेकंदाला अर्धा मीटर कापतो, म्हणजे ३०० सेकंद, पाच मिनिटं. ओढ सेकंदाला दोन मीटर असेल तर तो ६०० मीटर खाली जाऊन लागेल. भरतीने ओढ ०.८ मीटरवर आली तर २४० मीटर. तेव्हा त्याने उतरायची जागा आधी नक्की करावी आणि तिच्या तितकं वर जाऊन पाण्यात शिरावं. उतरायची जागा वळणाच्या आतल्या अंगाला हवी, तिथे पाणी संथ आणि काठ उतरता असतो. बाहेरच्या अंगाला काठ पोखरलेला असतो आणि पडलेल्या झाडांच्या फांद्या पाण्यात असतात. पाणी त्यांच्यातून निघून जातं, माणूस दाबून अडकतो.

तरंगायला सुक्या भोपळ्यांची सांगड. पाच-सहा लिटर पोकळीचा एक भोपळा पाच किलोच्या आसपास उचल देतो. डोकं वर ठेवायला माणसाला तेवढीच मदत लागते. दोन घेतले तर दोराचं ओझंही जातं. भोपळे बगलेखाली, छातीशी बांधायचे. कमरेला बांधले तर ढुंगण वर येतं आणि तोंड पाण्यात जातं. देठाकडची भोकं मेणाने बुजवायची, कारण एका भोपळ्यात पाणी शिरलं की माणूस एका कुशीवर कलंडतो. बिघाड हवा असेल तर हाच घ्या, मध्यावर.

---

प्रतिसाद २: खोगीर

घोड्याबद्दल स्पष्टच सांगते.

२८ कोस म्हणजे सुमारे ९० किलोमीटर. मढे घाटाच्या माथ्यावरच्या केळदहून तेवढं गेलात तर पुण्याच्याही पुढे पोचाल. वेल्ह्याच्या आसपासचा गड सहा कोसांत बसवा, फार तर सात.

दुसरं, "भरधाव". घोडा चालीत ताशी सहा किलोमीटर जातो, दुडकीत बारा-तेरा, आणि चौखूर सुटला की चाळीसच्या पुढे. पण चौखूर तो मोजके किलोमीटरच टिकतो. त्यातून हा पागेतला घोडा म्हणजे चार महिने बांधून खाल्लेला. हरभऱ्याच्या चंदीवर अंग भरलेलं, कातडी चकचकीत, आणि दम नाही. दाणागोट्यावर उभ्या असलेल्या घोड्याला पहिल्याच चढावर पळवलं तर कोसाभरात तो धापा टाकत उभा राहील. चिखलात पाय मुरगळायचा किंवा नाल निसटायचा धोका वेगळाच. पागेचा बंदोबस्तही लक्षात घ्या. सभासदाने आपल्या बखरीत लिहिल्याप्रमाणे पंचवीस बारगिरांमागे (सरकारी घोड्यावरच्या स्वारांमागे) एक हवालदार, एक पखालजी (पाणी वाहणारा) आणि एक नालबंद असायचा. म्हणजे पागेत रात्रंदिवस माणसांचा राबता. आणि मोठी पागा घाटमाथ्याच्या त्या मुसळधार पावसात कोणी ठेवणार नाही, ती पूर्वेला कोरड्या मुलखात. तुमच्या वाटेवर फार तर एखादं ठाणं आणि चार-पाच भीमथडी तट्टं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. राणू नावाडी आहे. तो घोड्यावर कधी बसला? नवख्या माणसाला दुडकीत रिकिबीवर तोल धरता येत नाही, तो खोगिरावर आपटत राहतो. दोन तासांत मांड्यांची आतली कातडी सोलते आणि घोड्याची पाठही. भिजलेल्या खोगिराखाली केस उलटे दबले की फोड येतोच. मला विचाराल तर घोडा काढून टाका. सहा कोस पायी चार-पाच तासांत होतात, आणि कोकणातला पोरगा चालायला कचरत नाही.

ठेवायचाच असेल तर अर्ध्या वाटेपुरता ठेवा, आणि राणूला त्याच्यावर नीट बसता न येऊ दे. चढ आला की उतरायचं, लगाम धरून पुढे चालायचं. सपाटीला दुडकी, पण दहा मिनिटं पळवलं की दहा मिनिटं चाल. थांबल्यावर तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, एक भोक सैल करायचा, खोगीर लगेच उतरवायचं नाही. कुशी बघायच्या: उभा घोडा मिनिटाला आठ ते सोळा श्वास घेतो. दमल्यावर साठाच्या वर जातो आणि दहा मिनिटं उभा केल्यावर तीसच्या खाली यायला हवा. नाही आला तर त्या दिवशी त्याच्यावर पुन्हा बसायचं नाही. मांड्यांमध्ये पांढरा फेस आणि कानाची टोकं गार, ही ढासळल्याची खूण. राणूला यातलं काहीच माहीत नाही, पण दमलेल्या जिवाची ओळख नाव वल्हवणाऱ्याला असतेच. तो मध्येच उतरतो, खोगीर काढतो, गवताच्या चोळ्याने पाठ पुसतो आणि घोडा ठाण्याच्या दिशेने सोडून देतो. पुढचा रस्ता पायी. असं लिहिलंत तर त्याच्या स्वभावाबद्दल वेगळं काही सांगावं लागणार नाही.

---

पैलतीर

खाडीकाठ, खोगीर, दोघांचेही आभार. थांबण्याची कसोटी आणि घोडा सोडून देणं, दोन्ही घेतो. पण मग साहस कमी होत नाही का? चढाईत तरी थरार हवा. ६० मीटरचा कडा आणि दोर यावर कोणी लिहील का? घोरपड वापरावी असंही एकाने सुचवलं आहे.

---

प्रतिसाद ३: कातळटप्पा

घोरपड नको. ती कथा सिंहगडाची आणि तानाजी मालुसऱ्यांची, ४ फेब्रुवारी १६७० ची, पोवाड्यातून घराघरात गेलेली. तुमच्या कथेत आली की वाचकाला ती उसनी वाटणार. शिवाय एवढासा प्राणी माणसाचं वजन पेलून कपारीत टिकून राहील याचा भरवसा काय? गड खरोखर सर झाले ते पुढे चढणाऱ्या माणसाने दोर बांधून आणि माळा, म्हणजे दोराच्या शिड्या, लावून.

दोर "फेकून" ६० मीटर चढणंही विसरा. आकडा बांधलेला दोर चांगला हात असलेला माणूस दहा-बारा मीटर वर टाकू शकतो. बोटभर जाडीचा अंबाडीचा ३० मीटर दोर कोरडा असताना चार किलोच्या आसपास भरतो, अंगठ्याएवढ्या जाडीचा आठ-नऊ. आणि तुमचा दोर आदल्या दिवशी नदीतून आलाय. भिजलेला दोर जड होतो, गाठी अशा बसतात की नखाने सुटत नाहीत. वाटेत तो उन्हात पसरून वाळवायला राणूला वेळ द्या. काथ्याचा दोर पाण्यात तरंगतो, नावाड्याकडे तोच असेल, पण तो हात सोलतो.

आता कडा कसा असतो ते. सह्याद्रीचा कातळ एकसंध भिंत नसते. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले, आणि कुठे कुठे दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा मऊ पट्टा. हा पट्टा झिजतो, तिथे आडवी कपार पडते. म्हणून ६० मीटर असे वाटून घ्या: तळाला ३० मीटर गवताचा उभा उतार आणि घसारा, मग १५ मीटर कातळटप्पा, मग तांबड्या पट्ट्यावरची हातभर रुंद आडवी वाट, तिच्या टोकाला दोन भिंतींमधली आठ-नऊ मीटरची चिमणी, आणि वर तट. पाच जागा, पाचही ठिकाणी धोका वेगळा.

गवतात: भाद्रपदात मुळं भिजलेली, झुपका हातात येतो तोच मातीसकट. धरायचं तर बुंध्याशी, चार-पाच काड्या नाही, अख्खा जुडगा, आणि त्यावर अंगाचं वजन टाकायचं नाही. तोल सावरण्यापुरतंच.

कातळावर: अनवाणी. भिजलेला जोडा घसरतो. एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवायचा, बाकी तीन टेकलेले. उचल पायांनी घ्यायची. नवखा हातांनी ओढत चढतो, दहा मिनिटांत पोटऱ्यांआधी मनगटं भरून येतात, बोटं मिटत नाहीत. प्रत्येक खोबणी तळव्याने थोपटायची, बद्द आवाज आला तर दगड सुटा आहे. शेवाळाची काळी चकाकी दिसली की तिथे पाय नाही. पडला तर खाली दोर धरायला कोणी नाही, आणि असता तरी अंबाडीचा दोर ताणत नाही. दोन मीटरच्या पडण्याचा झटका एक तर दोर तोडतो नाही तर बरगड्या.

चिमणीत: पाठ एका भिंतीला, पाय समोरच्या. दोर पाठीवर असेल तर अडकतो, तो कमरेला बांधून खाली लोंबता सोडायचा.

उजेड. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, पूर्वेला. कडा पश्चिमेचा घ्या. संध्याकाळी शेवटचं ऊन त्याच्यावरच पडतं. राणू मेटाच्या, म्हणजे गडाखालच्या चौकीच्या, नजरेआड कारवीत बसून सूर्य बुडेपर्यंत एकेक खोबणी पाठ करून घेईल. मध्यरात्रीनंतर चंद्र गडाच्या मागून वर येतो: माथा उजळतो, पहारेकऱ्याचे डोळे त्या उजेडाला सरावतात, आणि कडा सावलीत. आभाळाच्या उजेडात हाताएवढ्या अंतरावरचं दिसतं, तेवढं पुरतं. मशाल, अर्थातच, नाही.

आणि तट. त्या काळातल्या तटाला रानझाड उगवू देत नसत. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही सांगितलं आहे की तटाच्या सांध्यांत वाढणारी झाडं वरचेवर कापून काढावीत, गवत जाळून गड साफ ठेवावा. तुमच्या हवालदाराचा खोटेपणा इथे दाखवता येईल. डागडुजीचा पैसा त्याने खाल्ला आहे, पश्चिम तटाच्या सांध्यात पिंपळाचं मूळ मनगटाएवढं जाड झालंय, आणि त्याने एक चिरा बाहेर ढकललाय. राणूचा पाय तिथे टेकणार. चंद्रा वर्षभर तट बघते आहे, निरोपात तिनेच ही जागा कळवावी. गडावर हवालदार एकटाच मालक नसतो, सबनीस (गडाचे कागद सांभाळणारा) आणि सरनोबतही असतात, हेही ध्यानात ठेवा. पैसा खाल्ला तो सबनिसाच्या कागदात दिसणारच. लढाई न करता हवालदाराला खाली ओढायची वाट तिथे आहे.

हाणामारी गाळा. ज्याची मनगटं भरून आली आहेत तो तलवारीची मूठ धरू शकत नाही.

---

प्रतिसाद ४: कुंडिनपूर

वरची सगळी माहिती तुमच्या पहिल्या प्रश्नाला लागू पडते, पण दुसरा प्रश्न राहतो: चंद्रा भेटते तेव्हा जीव का हलत नाही. कारण कच्च्या खर्ड्यात या कसोट्या कुणाच्याही आहेत. धाडसी शिपाई असता तरी त्याने हेच केलं असतं, आणि गडावर चंद्राच्या जागी खजिना असता तरी कथा बदलली नसती.

आपल्याकडे या जातीच्या कथेचा उत्तम नमुना वनपर्वातलं नलोपाख्यान आहे, आणि ती कथा विदर्भाची. अमरावती जिल्ह्यातलं वर्धेकाठचं कौंडण्यपूर तेच कुंडिनपूर मानतात. तिची बांधणी बारकाईने बघा. पहिल्या स्वयंवरात चार देव नळाचं रूप घेऊन बसतात. पाच नळांतून दमयंती खरा ओळखते तो कशावरून? देवांना घाम नाही, पापणी लवत नाही, हार कोमेजत नाहीत, धूळ बसत नाही, सावली नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. नळाला हे सगळं आहे. घाम, धूळ आणि कोमेजलेला हार, या माणसाच्या उणिवा. त्याच तिला हव्या आहेत.

मग वियोगानंतर दुसरी कसोटी. कर्कोटकाच्या दंशाने नळाचं रूप पालटलंय, तो बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे सारथी आहे. दमयंती मुद्दाम खोटा निरोप पाठवते: दुसरं स्वयंवर, उद्या सूर्योदयाला. एका दिवसात शंभर योजनं रथ हाकणारा एकच माणूस आहे हे तिला ठाऊक आहे. म्हणजे कसोटी तिने रचली, आणि ती अशी रचली की दुसरा कोणी उतरूच शकत नाही. तो आल्यावरही ती धावत जात नाही. केशिनीला पाठवून बघते, त्याने शिजवलेलं अन्न मागवून चाखते, मुलांना त्याच्यासमोर धाडते. वाटेत नळाला मिळतं तेही बघा: बेहड्याच्या झाडाची पानं-फळं मोजणाऱ्या ऋतुपर्णाकडून अक्षविद्या, आणि त्याच क्षणी कली अंगातून निघून जातो. ज्या द्यूताने त्याचं सगळं गेलं त्याचंच मर्म वाटेवर हाती येतं.

यातून तीन गोष्टी घ्या.

एक, प्रत्येक कसोटीची किंमत पुढच्या कसोटीत चुकवावी लागली पाहिजे. पुरात भोपळा फुटला तेव्हा फांदीला धरून राणूचा उजवा तळवा चिरला. घाटात काठी डाव्या हातात. लगाम डाव्या हातात. कातळावर उजव्या हाताने धरलेली खोबणी ओली लागते, ते रक्त आहे. खर्ड्यात राणू प्रत्येक प्रसंगानंतर पुन्हा कोरा होतो, म्हणून वाचकाला भीती वाटत नाही.

दोन, चंद्रालाही तितकंच अवघड काम द्या. ती घटका मोजणाऱ्याची मुलगी आहे, एवढी सोन्यासारखी गोष्ट हाताशी असून तुम्ही ती वापरलेली नाही! घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. पाण्यावर ठेवली की २४ मिनिटांत भरून बुडते, ती एक घटका. अशा साडेसात घटका झाल्या की प्रहर, आणि प्रहराच्या टोल्यावर पहारा बदलतो. भोकाच्या कडेला चंद्राने मेणाचा पातळ थर दिला आणि एक पंचमांश भोक बुजलं, तर वाटी भरायला २४ ऐवजी ३० मिनिटं लागतात. एका प्रहरात ४५ मिनिटांचा फरक. दमलेला पहारेकरी पाऊण तास जास्त उभा राहतो, डोळे मिटू लागतात, आणि ताजा पहारा तेवढा उशिरा येतो. शंका येऊ नये म्हणून ती हे एकाच प्रहरात करेल, आणि वडील झोपले असताना. पकडली गेली तर वडिलांची चाकरी जाईल, हे तिला माहीत आहे.

तीन, भेटीच्या क्षणी ओळख. अंधारात तटाखाली कोण आलंय ते चंद्राला कसं कळणार? हाक मारता येत नाही. तिने वरून सुतळी सोडावी, राणूने दोराचं टोक तिला बांधावं. ती वर ओढते आणि डोळ्यांनी नाही, बोटांनी गाठ चाचपते. नावाड्यांचा न सरकणारा फास, पण नेहमीच्या उलट दिशेने वळलेला. राणूच बांधणार यात शंका नाही, मग उलटा का? उजवा हात चालत नाही म्हणून डाव्याने बांधलाय. दोर चिकट लागतो. तिला तो आल्याचं आणि काय सोसून आला ते, दोन्ही एकाच गाठीत कळतं. इथे एकही संवाद लिहू नका.

---

पैलतीर

कुंडिनपूर, उलट्या गाठीने माझा शेवटच बदलला. मनापासून आभार. एकच शंका: ती एकटी मुलगी वरून दोर धरून त्याला कशी पेलेल? आणि तिथून उतरायचं कसं?

---

प्रतिसाद ५: कातळटप्पा

हातात धरायचा नाही. चर्येला, म्हणजे तटावरच्या दगडी कंगोऱ्याला, दोन पूर्ण वेढे द्यायचे आणि मग टोक धरायचं. खरखरीत दोर दगडावर घासून स्वतःच धरून राहतो. राणूचं वजन साठ-पासष्ट किलो असलं तरी तिच्या हाताला दोन-तीन किलोंची ओढ येते. तो एक हात वर आला की तिने ढील तेवढी आत घ्यायची. चर्येच्या कडेखाली घोंगडीची घडी ठेवा, नाहीतर धारेवर दोर पिंजतो. त्या पिंपळाच्या मुळाला बांधू नका, चिरा आधीच हललेला आहे.

उतरणं चढण्यापेक्षा वाईट, पाय कुठे टेकतोय ते दिसत नाही. दोघांनी कड्याने उतरू नये. चंद्रा नवखी, राणूचा हात गेलेला. सूर्योदयाला दरवाजा उघडतो तेव्हा गवत-लाकडासाठी खाली जाणाऱ्या बायांमध्ये ती एकटी निघू शकते, आणि राणूला सबनिसासमोर उभं राहू द्या, पश्चिम तटाचा तो चिरा दाखवायला.

---

प्रतिसाद ६: खाडीकाठ

मेणाचं एक राहिलं. टोले पहाटेपर्यंत पुन्हा बरोबर व्हायला हवेत, नाहीतर सूर्य उगवलाय आणि घटका रात्रीची सांगते आहे असं होईल. वाटी पाण्यातून काढून पुसायची, सुकू द्यायची, मग नखाने आतून मेण खरवडायचं. गरम पाण्यात बुडवलं तर मेण वितळून भोकातच बसतं. खरवडल्यावर तेलाचं बोट फिरवू नये, तेलकट कडेवर पाणी नीट धरत नाही आणि पुढच्या घटका मागेपुढे होतात. गेलेली ४५ मिनिटं भरून काढायला शेवटच्या प्रहरात तिला वाटी दर खेपेला थोडी आधीच बुडवावी लागेल, बोटाने, वडिलांची कूस बदलायच्या आत.